येतंय ना, मग शिकायचं कशाला?

"अगं, तुला येतं ना ते? मग पैसे कशाला घालवतेस?"

मेथी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं आणि मला चटकन उत्तर सुचलं नाही. २०२५ च्या जूनमधली गोष्ट. मी रायफल नेमबाजीच्या वर्गात नाव घातलं होतं. वर्गाच्या पावतीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'प्राथमिक'. वय वर्षं सेहेचाळीस, शिक्षण बी. ए., नेमबाजीचा अनुभव पंचवीस-तीस वर्षांचा आणि वर्ग कुठला, तर प्राथमिक! खरं सांगू का मैत्रिणींनो, सासूबाई बोलल्या ते माझ्याच मनातलं होतं.

त्यातून आम्ही सदाशिव पेठेत राहणारी माणसं. आम्हाला कोणी काही शिकवायला जाऊ नये, असा सगळ्या महाराष्ट्राचा समज आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. पेरुगेटाजवळ पत्ता विचारणाऱ्याला पत्त्याबरोबर चार गोष्टी जास्तीच्या ऐकवणारे आम्ही. आता मीच कुणाच्या तरी पुढे पोर होऊन उभी राहणार होते.

माझा 'अनुभव' म्हणजे काय, ते सांगते. माझं माहेर कोकणातलं. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरं आणि वानरं बागेत शिरू नयेत म्हणून. तिला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि परत आली की आजोबा तिला पुसूनपासून ठेवायचे. पण घरात एक छऱ्याची बंदूकही होती. मागच्या पडवीत डालड्याचे रिकामे डबे मांडायचे आणि सुट्टीभर ठो-ठो करायचं. भावांपेक्षा माझा नेम चांगला, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. पुढे कॉलेजसाठी पुण्यात आले आणि एनसीसीत गेले. तिथे पॉइंट टू-टू रायफल मिळाली. जमिनीवर पालथं झोपायचं आणि उस्ताद ओरडायचे, 'मजबूत पकड, दुरुस्त शिस्त!' शिस्त म्हणजे नेम, हे मला तिथेच कळलं. माझ्या पाच गोळ्या एका बांगडीत मावतील अशा बसायच्या. दोन पदकं मिळाली, ती अजून देवघराच्या खालच्या कप्प्यात आहेत.

मग लग्न झालं, मुलं झाली. रायफल सुटली ती सुटलीच. फक्त जत्रेत गेलं की मी फुगे फोडायची आणि मुलं अभिमानाने आजूबाजूला बघायची.

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत मी बरीच वर्षं काम करते. बचत गट, मुलींचा अभ्यासवर्ग, असं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. भारताच्या महिला नेमबाजाचं एशियाडमधलं ते पहिलं सुवर्ण. आमच्या अभ्यासवर्गात तो फोटो फिरला आणि एकीने विचारलं, "ताई, आपल्याला येईल का हे?" मी म्हटलं, "मला येतं. मी शिकवते." इतकं सोपं होतं ते! चार जणींकडून वर्गणी काढून एक छऱ्याची बंदूक घेतली. अशा साध्या बंदुकीला परवाना लागत नाही. समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला प्लायवूड टेकवलं, त्यावर जुनी गोधडी टांगली आणि शनिवारचा नेमबाजीचा वर्ग सुरू झाला. मधली कोरोनाची दोन वर्षं सोडली, तर तो आजवर चालू आहे.

२०२४ च्या १ ऑगस्टला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ब्राँझनंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणणारा दुसरा मराठी माणूस. माझ्या शनिवारच्या वर्गात आठाच्या वीस मुली झाल्या. मला वाटलं, आता यांना पुढे कुठेतरी नीट पाठवायला हवं. घरापासून चालत दहा मिनिटांवर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दहा मीटरची रेंज आहे, तिथे चौकशीला गेले. शिकवणारी मुलगी चोवीस-पंचवीसची, सांगलीकडची.

तिने विचारलं, "काकू, तुम्ही कुठे शिकलात?"

"एनसीसीत."

"उभं राहून?"

"नाही, झोपून."

"मग मुलींना उभं राहून मारायला कोणी शिकवलं?"

"मीच."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. वहीत काहीतरी लिहीत म्हणाली, "मुलींना पाठवा. पण आधी तुम्ही या."

आले की नाही ते सांगायला नकोच. पण जायला आठ-नऊ महिने घेतले, हेही सांगायला हवं. आधी मुलाची बारावी होती. मग कुणाचं तरी लग्न होतं. खरं कारण म्हणजे मला राग आला होता.

वर्गात आम्ही आठ जण. अकरा-बारा वर्षांची सहा मुलं, एक कॉलेजचा मुलगा आणि मी. सगळे मला काकू म्हणणार आणि मी त्या पोरीला मॅडम, अहो-जाहो. पहिल्या दिवशी रायफल उचलायलाच दिली नाही. तासभर नुसते नियम. नळी कायम निशाण्याच्याच दिशेने. रायफल हातात नसेल तेव्हा तिचं तोंड उघडं आणि नळीत रंगीत दोरी घातलेली, म्हणजे लांबूनही दिसावं की ती रिकामी आहे. नेम धरल्याशिवाय बोट चापावर नाही. पुढे कोणी गेलं असेल तर रायफलला हातच लावायचा नाही. इथवर मी मान डोलवत होते, कारण एनसीसीत हे सगळं कडक होतं. मग मॅडमने छऱ्यांची डबी उघडली आणि म्हणाली, "हे शिसं आहे. तोंडात धरायचे नाहीत. सराव झाला की साबणाने हात धुवायचे, मगच खाऊचा डबा उघडायचा."

माझ्या पोटात खड्डा पडला. लहानपणी आम्ही पाच-सहा छर्रे ओठात धरून एकेक काढून भरायचो. जत्रेतला फुगेवालाही तसंच करतो. माझ्या शनिवारच्या वर्गातल्या मुली तसंच करायच्या आणि मी ते बघून 'अगदी माझ्यासारख्या' म्हणून हसायची! वाढत्या वयातल्या मुलांच्या मेंदूला शिसं वाईट, हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. रंगाच्या संदर्भात, पाण्याच्या नळांच्या संदर्भात. त्याचा त्या डबीशी संबंध कधी जोडलाच नाही. गोधडीमागच्या प्लायवूडवरून छर्रा उलटून एखादीच्या डोळ्यात गेला असता, हेही त्याच दिवशी कळलं. कुणाला काही झालं नाही, हे आमचं नशीब.

दुसऱ्या दिवशी उभं राहणं. तुम्हाला वाटेल, उभं राहण्यात काय शिकायचं? दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये बायकांनाही पुरुषांसारखेच साठ शॉट असतात, वेळ सव्वा तास, आणि सगळं उभ्याने. (आधी बायकांना चाळीसच असत, २०१८ पासून साठ झाले.) रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. समोर दहा गुणांचा जो ठिपका असतो, तो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छापील पूर्णविरामाएवढा. मी आपली दंडातल्या जोराने रायफल उचलून धरायची, मुलींनाही तेच शिकवलं होतं. कुणी 'ताई, पाठ दुखते' म्हणाली की मी म्हणायची, 'दुखतंय म्हणजे ताकद येतेय.'

मॅडमने माझी डावी कोपर धरून कमरेच्या हाडावर टेकवली. "काकू, घागर घेतलीय कधी कमरेवर?"

"घेतलीय की. माहेरी विहीरच होती."

"मग हातावर तोलता का घागर? कंबर बाहेर काढता, पाठ थोडी मागे टाकता, घागर हाडावर बसते आणि हात नुसता धरायला. तसंच."

बाई गं! तीस वर्षं मी ती बंदूक हातावर तोलत होते आणि घागर मात्र बरोबर घेत होते. रायफलचा भार मनगटातून कोपरात, कोपरातून कमरेच्या हाडात, तिथून सरळ डाव्या पायात उतरतो. स्नायू थकतात, हाडं थकत नाहीत. मग नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. रायफल डावीकडे गेली असेल तर ती हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. मी हाताने ओढत होते. आयुष्यभर.

इथे एक गंमत झाली, खरं तर गंमत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला माझ्या पद्धतीने दहा शॉट मारू दिले होते, तेव्हा शंभरात ब्याऐंशी आले. कॉलेजचा मुलगा 'वा, काकू!' म्हणाला. नव्या पद्धतीने उभी राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात आले चौसष्ट. चौथ्यात एकसष्ट! शेजारच्या लेनमधला अकरा वर्षांचा मुलगा चौऱ्याऐंशी करत होता आणि माझ्या कागदाकडे न बघण्याचा शहाणपणा दाखवत होता. त्या रविवारी घरी आले आणि कुणाशी बोलले नाही. पोळ्या करताना रडू आलं, म्हटलं कांद्याचं आहे. कांदा चिरलेला नव्हता.

अगदी सोपं होतं, जुन्याकडे परत जाणं. ब्याऐंशी हातात होतेच. 'मला येत होतं ते या बाईने घालवलं' असं म्हणायलाही मोकळी होते. मॅडमला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. म्हणाली, "पडू दे स्कोअर, काकू. जुन्या पद्धतीने तुम्ही ब्याऐंशीच्या वर कधी गेला नसतात, आणि चाळीस शॉटनंतर तर तेही राहिले नसते." ते मात्र खरं होतं. दहाच्या वर मी सलग कधी मारलेच नव्हते.

सगळ्यात अवघड मला काय गेलं, तर रायफल खाली घेणं. नेम धरला, अर्धा श्वास सोडून थांबलं, की सहा-आठ सेकंदांत शॉट सुटायला हवा. नाही सुटला तर तो शॉट टाकून द्यायचा. रायफल खाली, दोन श्वास, पुन्हा पहिल्यापासून. जास्त वेळ रोखून धरलं की डोळ्यापुढची आकृती पुसट होते आणि मारलेला शॉट वाया जातो. मी कधीच खाली घ्यायची नाही. एकदा कणीक भिजवली की पोळ्या करायच्याच, अशी आपली सवय. हातात घेतलेलं अर्धवट टाकायचं कसं? "काकू, खाली." "काकू, खाली घ्या." पहिले तीन आठवडे मी हेच ऐकत होते.

आणि आता जे सांगायचं आहे ते.

पाचव्या आठवड्यात मॅडमने सगळ्यांचे डोळे तपासले. दोन्ही हात लांब करून पंजांचा छोटा त्रिकोण करायचा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ जागच्या जागी दिसतं तो तुमचा मुख्य डोळा. बहुतेकांचा उजवा हात आणि उजवा डोळा अशी जोडी असते. पण काहींचा हात उजवा असून डोळा डावा मुख्य असतो. अशांना डावा डोळा मिटून नेम धरायला लावलं की चेहऱ्यावर ताण येतो, डोळा लवतो, मध्येच उघडतो आणि नेम हलतो. उपाय साधा आहे. कपाळपट्टीला एक छोटी पांढरी पट्टी लावून तो डोळा झाकायचा, उघडाच ठेवून. किंवा सुरुवातीपासून डाव्या खांद्याने शिकवायचं.

माझ्या डोळ्यांपुढे एकच मुलगी आली. नाव नको लिहायला. आमच्या पहिल्या गटातली, आणि सगळ्यात हौशी. तिचा डावा डोळा मिटायचाच नाही. मी तिला दीड वर्ष ओरडले. 'लक्ष नाही तुझं.' 'घरातलं घरात ठेवून ये.' डोळ्यावर रुमालही बांधला एकदा, सगळ्याजणी हसल्या. नंतर तिने यायचं सोडलं. मी बाकीच्यांना सांगितलं होतं, 'तिला चिकाटी नाही.'

मैत्रिणींनो, म्हणून मला सासूबाईंचा प्रश्न आता निराळा ऐकू येतो. 'येतं ना, मग शिकायचं कशाला?' हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. आपण बायका बहुतेक सगळं बघून बघून शिकतो. स्वयंपाक, शिवण, आजाऱ्याची सेवा, मुलांचा अभ्यास. कुणी समोर बसवून 'हे असं का' म्हणून शिकवत नाही. जमतं म्हणून करतो, करतो म्हणून येतं असं धरून चालतो, आणि तेच पुढच्या मुलीच्या हातात देतो, चुकांसकट. वर कुणी वर्गाचं नाव काढलं की आपला अपमान होतो. बचत गटात मसाले करणाऱ्या आमच्या एका बाईंना स्वच्छतेच्या प्रशिक्षणाला चला म्हटलं, तर म्हणाल्या, "वीस वर्षं लोक माझा मसाला खातात, एक तरी मेला का?" मी तेव्हा त्यांची समजूत घालत होते. तोच तोरा माझ्याही अंगात होता की!

आमच्या वाडीत एक सुईण होती. मी शाळेत असताना, साठीच्या पुढची. निम्म्या वाडीच्या नाळा तिने कापलेल्या. आरोग्य केंद्रात सुईणींचं प्रशिक्षण निघालं तेव्हा ती आधी चिडली आणि मग गेली. तिथे पाच स्वच्छता शिकवत. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, नाळ बांधायला स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काही लावायचं नाही. शेण नाही, राख नाही. पिढ्यान् पिढ्या तेच लावत आले होते. नवजात बाळांचा धनुर्वात देशातून आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्यात गरोदरपणीच्या इंजेक्शनाचा आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांचा वाटा मोठा आहे, पण त्या म्हाताऱ्या बायका नातीच्या वयाच्या नर्सपुढे मांडी घालून बसल्या, त्याचाही आहे. तिचा अनुभव माझ्यापेक्षा किती मोठा होता.

आणि मोठ्या नेमबाजांचं काय? तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली, नेमबाजीत असं यश मिळवणारी पहिली भारतीय महिला. तिची पहिली ऑलिम्पिक मात्र २०२१ साली, टोकियोची, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. जगज्जेतीलाही मधली वर्षं शिकतच राहावं लागलं. स्वप्नील कुसाळेच्या मागे दीपाली देशपांडे आहेत, स्वतः २००४ ची अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या. अंजली भागवतही मुंबईत कॉलेजच्या एनसीसीतूनच आली आणि २००० साली सिडनीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत गेली. एनसीसी तिलाही होती, मलाही होती. पण ती तिथे थांबली नाही.

वर्गाचं नुसतं गुणगान करायचं नाही मला. जुनं सगळं वाया गेलं नाही. आवाजाला मी दचकत नाही, चापावर बोट हळू दाबायची सवय आहे, शॉट सुटल्यावर लगेच मान वर करत नाही, हे मॅडमनेही मान्य केलं. आणि पैशाचं म्हणाल तर तो खेळ महागच आहे. परदेशी रायफल लाखाच्या वर जाते, ते कॅनव्हासचं जाड जाकीट म्हणजे जूनमध्ये गोधडी शिवून अंगावर घेतल्यासारखं, तेही हजारोंत. वर्गात रायफल आणि जाकीट तिथलंच मिळतं म्हणून मी शिकू शकले. लहान गावातल्या मुलींना ही सोय सहज मिळत नाही. पण तुमच्या मुलीच्या कॉलेजात एनसीसी असेल तर तिला तिथे जाऊ द्या, आणि जिल्ह्याची रायफल संघटना, क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय इथे जाऊन एकदा विचारा. घरीच छऱ्याच्या बंदुकीवर शिकवणार असाल, तर निदान साबण आणि डोळ्यांना चष्मा, एवढं तरी ठेवा.

आमचा शनिवारचा वर्ग मी दोन महिने बंद ठेवला होता. आता भिंतीवर नीट छर्रे अडवणारी लोखंडी पेटी आहे, हात धुवायला बादली आहे आणि पहिल्या दिवशी कोणी बंदूक उचलत नाही. जुन्या मुली कुरकुरतात. माझा स्कोअर अठ्ठ्याहत्तर झाला आहे. ब्याऐंशी अजून नाही.

त्या मुलीच्या घरी गेले होते. ती आता कपड्यांच्या दुकानात कामाला लागली आहे, घरी नव्हती. तिच्या आईला मी सांगितलं की तिचं लक्ष नव्हतं असं नाही, डोळ्याचं होतं, आणि चूक माझी होती. आईला त्यातलं काय समजलं कोण जाणे. चहा दिला, म्हणाली, "सांगते तिला." तीन शनिवार झाले, अजून आलेली नाही. दुकानाला सुट्टी सोमवारी असते असं कळलं आहे. या सोमवारी पुन्हा जाणार आहे.